कानात घालायचं काय?

इअरफोन सुचव, असं आमच्या घरातलं कोणीतरी मला दर दोन-चार महिन्यांनी म्हणतंच. मी त्यातला तज्ज्ञ वगैरे नाही. पण लॅमिंग्टन रोडवर रमणारा, जुनं काहीही टाकून न देणारा आणि सोल्डरिंगची इस्त्री अजूनही कपाटात ठेवणारा असा खानदानात मी एकटाच उरलोय, त्यामुळे हे खातं आपोआप माझ्याकडे आलंय.

या वेळी विचारणारी भाची आहे. नोकरीला लागून चार महिने झाले. रोज डोंबिवली ते परळ, म्हणजे जाऊन-येऊन दोन-सव्वादोन तास गाडीत. तिची मागणी अशी, "मामा, हजार-दीड हजारात बसणारं, टिकणारं आणि गाडीत नीट ऐकू येईल असं काहीतरी सांग. आणि हो, बास चांगला पाहिजे." फोनवर पाच मिनिटांत उत्तर देऊन टाकलं. पण त्या उत्तरामागे जे होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. (ताई, हे तू वाचणार आहेस हे मला माहीत आहे. लेकीला वाचायला लाव.)

तिच्या मागणीतला कळीचा शब्द 'नीट ऐकू येईल' हा. गाडीत नीट ऐकू येत नाही याचा सरळ अर्थ लोक असा घेतात की इअरफोनचा आवाज कमी पडतो, जास्त मोठा वाजणारा आणला पाहिजे. खरं तर इअरफोनचा आवाज कधीच कमी पडत नाही. शंभर रुपयांना गाडीत विकायला येतात ना, तेही कान किटेपर्यंत वाजतात. अडचण असते ती गाडीच्या आवाजाची. रुळांचे खडखडाट, डब्यातले पंखे, सांधे बदलताना होणारा आदळआपट, बाजूने दुसरी गाडी गेली की एकदम अंगावर येणारा तो धडधडाट, आणि शिवाय माणसं. पूर्वी फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या तेव्हा तर आत शिरल्या क्षणी शेजारच्याशी चाललेलं बोलणं मध्येच थांबवायचं आणि बाहेर आल्यावर पुढे चालू करायचं, असा रिवाजच होता. लेडीज डब्यातला आवाज वेगळा, त्यात क्लिपा-कानातले विकणाऱ्यांची भर असते, असं भाची म्हणते.

मी मध्यंतरी फोनवर आवाज मोजायचं अॅप घेऊन हा आवाज मोजून पाहिला होता. दाराजवळ उभं राहिलं की आकडा ८५ ते ९० डेसिबलच्या मध्ये नाचत असतो. अशा अॅपचा आकडा चार-पाच इकडेतिकडे धरायचा, पण अंदाज येतो. आता बाहेर ८५ असेल तर गाण्याचे शब्द कळायला गाणं त्याच्या वर काढावं लागतं. म्हणजे ९०, कधी ९५. आणि हे आपण ठरवून करत नाही. ठाणं सोडलं, गाडीने वेग घेतला की बोट आपसूक बटणावर जातं. गंमत म्हणजे गाडी थांबली तरी ते खाली येत नाही.

इथे थोडं गणित सांगतो. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यासाठी 'नायॉश' नावाची सरकारी संस्था आहे. तिचा हिशेब असा की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाचे ८ तास चालतील. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला फक्त १. (३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ही अर्धी-अर्धी भानगड.) हा झाला कारखान्यातला हिशेब. गाणी ऐकण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये जो मापदंड जाहीर केला तो आणखी कडक आहे : मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, आणि तेही ८० डेसिबलला. आता डोंबिवली-परळ रोजचे दोन तास आणि आवाज ९४ धरा. कारखान्याच्या हिशेबानेसुद्धा रोज दुप्पट होतंय. ऑफिसात पोचायच्या आधीच दिवसाचा कोटा संपला!

हे सगळं मला इतकं का टोचतं, तर आमचे अण्णा.

अण्णा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९६८ साली लागले आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो त्यांच्यासाठी कधी संपलाच नाही. म्हणजे चौदा वर्षं साच्यावर. धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जाण्याचा आवाज, आणि असे शेकडो साचे एका छपराखाली. विणकामाच्या अशा खात्यांत आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. कानात कापसाचा बोळा, तोही आवाजासाठी नव्हे, उडणारं सूत जाऊ नये म्हणून. मी लहान असताना गिरणीतली त्यांची मित्रमंडळी घरी आली की खोलीत बसूनही सगळे हातवारे करत आणि एकमेकांच्या ओठांकडे बघत बोलायचे. मला ती त्यांची लकब वाटायची.

अण्णा आज सत्त्याहत्तरचे आहेत. त्यांना ऐकू येतं. लोकांना हे पटवून देणं फार अवघड आहे, कारण ते ठार बहिरे नाहीत. आपण बोलतोय हे त्यांना कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. मोठ्या आवाजाने कान जातो तेव्हा आधी वरच्या पट्टीतलं जातं. चार हजार हर्ट्झच्या आसपास आलेखात एक खड्डा पडतो आणि वर्षानुवर्षं तो रुंदावत जातो. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते टिकतात. स, श, च, त, क, फ असली व्यंजनं वर असतात, ती निसटतात. 'चहा', 'सहा' आणि 'दहा' हे तिन्ही अण्णांच्या कानाला आता सारखेच. नातवंडांची बारीक आवाजातली बडबड तर बिलकुल पोचत नाही. कानाच्या आतल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी हे काम करतात त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. दुखत नाही, रक्त येत नाही, कोणाला दिसत नाही. वर ज्याला त्रास होतो तोच विक्षिप्त ठरतो. "अण्णांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं" हे वाक्य आमच्या घरात किती वेळा बोललं गेलं असेल त्याची गणती नाही.

आणि भाचीचं ऑफिस कुठे आहे? परळमध्ये, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या काचेच्या इमारतीत. असो. त्यावर मी जास्त काही बोलत नाही.

तर मुद्दा इअरफोनचा. गाडीसाठी इअरफोन घेताना आपण पैसे मोजतो ते बाहेरचा आवाज अडवण्यासाठी. तो वीस डेसिबलने अडला की बाहेरचे ८५ आत ६५ होतात, मग गाणं ७५ ला ठेवूनही मोकळं ऐकू येतं. या हिशेबाने कानाच्या पाळीवर नुसते टेकणारे, कडक प्लास्टिकचे, टिप नसलेले इअरफोन पहिल्याच फेरीत बाद. घरात बसून बोलायला ते उत्तम आहेत, गाडीत निरुपयोगी. पाहिजेत ते कानाच्या भोकात बसणारे, पुढे मऊ टोपी असलेले. आणि ती टोपी, म्हणजे टिप, हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आपण आत कुठला ड्रायव्हर आहे, किती मिलिमीटरचा आहे यावर तासन् तास वाचतो आणि टिप मात्र जी लावून आली ती तशीच वापरतो.

खोक्यात लहान-मध्यम-मोठ्या अशा तीन जोड्या येतात. त्या तिन्ही लावून बघाव्यात. दोन्ही कान सारखे असतीलच असं नाही. माझ्या डाव्या कानाला मध्यम लागते, उजव्याला लहान. घालायची रीतसुद्धा आहे. डोक्यावरून उलटा हात नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढायची, इअरफोन आत बसवायचा आणि मग पाळी सोडायची. नीट बसला की आपलाच आवाज आपल्याला माठात बोलल्यासारखा येतो. आणि सर्वांत सोपी परीक्षा बासची. फट राहिली तर आधी बास गळतो. भाचीला हवाय तो 'चांगला बास' दुकानात मिळण्याआधी टिपमध्ये मिळतो. कित्येक लोक "याला बास नाही" म्हणून चांगला इअरफोन परत करतात तेव्हा तो कानात अर्धवट बसलेला असतो.

रबरी टिपने काम झालं नाही तर फोमच्या टिप घ्याव्यात. बोटांनी चिमटून आत घालायच्या, त्या आत फुलतात. त्या रबरी टिपपेक्षा जास्त आवाज अडवतात. तोटा इतकाच की दोन-तीन महिन्यांत कडक होतात, मळतात, आणि पुन्हा विकत घ्याव्या लागतात.

जाता जाता एक माहिती. संगीतासाठी अशा कान बंद करणाऱ्या इअरफोनची वाट १९९१ साली अमेरिकेतल्या एटिमोटिक रिसर्च या कंपनीच्या 'ईआर-४' ने मोठ्या प्रमाणात पाडून दिली. तिचा संस्थापक मीड किलियन हा श्रवणयंत्रांच्या धंद्यातला माणूस. त्या इअरफोनमधला इवलासा स्पीकरही श्रवणयंत्राच्याच जातीचा. आणि १९९५ मध्ये जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने असेच इअरफोन बनवले ते व्हॅन हेलन बँडच्या ड्रमरसाठी, कारण स्टेजवरच्या गोंगाटात त्याला स्वतःचंच काही धड ऐकू येत नव्हतं. म्हणजे या वस्तूचा उगमच मुळी कान वाचवण्याशी जोडलेला आहे. अण्णांच्या कानातलं यंत्र आणि भाचीच्या कानातली चैन हे एकमेकांचे चुलत भाऊ आहेत.

आता "वायरवाले कशाला, बिनवायरचे घे की, आवाज कापणारे" असं ऑफिसातला प्रत्येक जण सांगतो. आवाज कापणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलेशनवाले, खोटे नाहीत. बाहेरचा आवाज माइकने ऐकून त्याच्या नेमकी उलट लाट सोडतात. एकसुरी, खालच्या पट्टीतल्या घरघरीवर ते फार छान चालतं. विमानात तर विचारू नका. आपल्या लोकलमध्ये घरघर आहेच, पण त्यावर खणखण, ठणठण आणि "पुढच्या स्टेशनला उतरणार का?" हेही आहे, आणि या वरच्या पट्टीतल्या, अचानक येणाऱ्या आवाजांवर ते तितकं चालत नाही. दारातला वारा माइकवर आदळला की वेगळाच फडफडाट ऐकू येतो. पण माझा खरा आक्षेप टिकाऊपणावर आहे. त्यातली बॅटरी वाटाण्याएवढी, रोज वापरली की दोन-तीन वर्षांत दम तोडते, आणि ती बदलून मिळणं जवळपास अशक्य. शिवाय दादरला उतरताना एका धक्क्यात एक बड फलाट आणि गाडीच्या मधल्या फटीत गेला, की उरलेल्या एकाचं काय करायचं? वायरवाला कानातून पडला तरी गळ्यात लोंबकळत राहतो. ज्याच्या खिशात जागा आहे त्याने खुशाल घ्यावेत. भाचीच्या दीड हजारात ते सगळं एकत्र, नीट आणि टिकाऊ मिळणं मला अवघड दिसतं.

वायरवाल्यांवरही जग रुसलंय हे मान्य. २०१६ मध्ये आयफोन ७ ने पिनेचं भोक काढून टाकलं, आणि पाठोपाठ बाकीच्यांनीही. भाचीच्या फोनलाही नाही. मग टाइप-सी चा छोटा जोड घ्यावा लागतो, किंवा थेट टाइप-सी पिनेची वायर. (बिचारा फोनमधला एफएम रेडिओही या भानगडीत गेला. त्याला इअरफोनची वायर हीच एरियल होती!)

टिकाऊपणाबद्दल मात्र मला मनापासून बोलायचंय, कारण माझ्या ड्रॉवरमध्ये नातेवाइकांनी आणून टाकलेले अठरा मेलेले इअरफोन आहेत. मी ते उघडून बघतो. आतला स्पीकर मेलेला असं अठरात फक्त दोनदा सापडलं. बाकी सगळे वायरने मेले. "एका बाजूने वाजतंय" ही तक्रार म्हणजे दहातले आठ वेळा पिनेजवळ वायर तुटलेली असते, नाहीतर जिथे एका वायरच्या दोन होतात तिथे. आतली तार केसाहून बारीक, प्रत्येक तारेवर रंगीत लाखेचा थर आणि मध्ये नायलॉनचे धागे. खिशात फोन ठेवून बसलं-उठलं की ती एकाच जागी वाकते, दिवसातून पन्नास वेळा. दोरा असता तरी तुटला असता. जोडायला गेलं तर लाख जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि जाळताना नायलॉनही वितळतो. मी जोडतो, पण ते दोन महिन्यांचं सलाइन.

म्हणून माझी एकच अट : वायर इअरफोनपासून सुटी होणारी पाहिजे. पूर्वी ही चैन महागड्या इअरफोनांतच असायची. गेल्या सात-आठ वर्षांत चिनी कंपन्यांनी ती हजार-दीड हजारात आणून ठेवली आहे. केझेडचे बरेचसे, मूनड्रॉपचा 'चू टू', सेव्हन हर्ट्झचा 'झीरो टू', हे सगळे दोन पिनांच्या सुट्या वायरचे. मॉडेलं दर सहा महिन्यांनी बदलतात, त्यामुळे नावापेक्षा ती दोन भोकं बघायची. वायर गेली की तीन-चारशे रुपयांची नवी लावायची, इअरफोन तोच. (पिनांच्या मापांत थोडे प्रकार आहेत. जुनी वायर सोबत नेऊनच नवी घ्यावी.) आणि फोन बदलला, पिनेचं भोक गेलं, तर टाइप-सी ची वायर लावली की झालं.

यांचा दुसरा फायदा असा की वायर कानावरून मागे वळवून घालायची असते. सुरुवातीला आठ दिवस वैताग येतो. पण वायर कपड्यांना घासली की कानात जो डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखा खरखराट येतो तो बराच कमी होतो आणि गर्दीत कोणाच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकली तर ओढ आधी कानाच्या वळणावर बसते.

बाकी सांभाळायचं काय? फोनला करकचून गुंडाळायची नाही. तीन-चार सैल वेढे घालून डबीत टाकायची. माझ्याकडे कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्या अजून आहेत, त्यात मी बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडीही टाकतो, कारण आपल्याकडे जुलैत घाम आणि दमट हवेने तांब्यालाही हिरवा रंग चढतो. आणि एक बाजू हळू वाजायला लागली तर आधी टिप काढून पुढची जाळी बघावी. बहुतेक वेळा मळ असतो. कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून साफ करायची. पाणी लावायचं नाही.

हे सगळं झालं गाडीतलं. फलाटावर मात्र दोन्ही कान मोकळे. ही अट मी भाचीकडून कबूल करून घेतली आहे. जो इअरफोन गाडीचा आवाज वीस डेसिबलने कमी करतो तो भोंग्याचाही करतो. गाडी बदलून दुसऱ्या नंबरला आली ही घोषणाही त्याच हिशेबाने बुडते. रूळ ओलांडायचा तर प्रश्नच नाही, इअरफोन असो नसो. गाडीतही दाराशी उभं राहायची वेळ आली तर काढून डबीत. आत जागा मिळाली, कोपरा मिळाला, की घालावा. आणि डब्यात भजनी मंडळ असेल तर... टाळांचा आवाज काही कमी नसतो, पण अशा वेळी इअरफोन घालून बसणं मला तरी जमत नाही.

तर भाचीने साडेतेराशेचा घेतला, सुट्या वायरचा, टाइप-सी जोड वेगळा. रविवारी घरी घेऊन आली होती. तिच्या दोन्ही कानांना लहानच टिप बसली. पूर्वी फोनवरची आवाजाची पट्टी ती पाऊण भरायची, आता निम्म्याच्याही खाली पुरते म्हणाली, आणि बासबद्दल तक्रार नाही. मग तिला काय वाटलं कोणास ठाऊक, तिने अण्णांचं यंत्र काढून त्यांच्या कानात ते घातले आणि एक नाट्यगीत लावलं. गाताना गायिकेची तान वर वर चाललेली, आणि अण्णा डोळे मिटून मांडीवर ठेका धरून बसलेले. कसं वाजतंय विचारल्यावर म्हणाले, "डग्गा फार सुंदर वाजतोय."

भाचीने गाणं बंद केलं नाही. संपेपर्यंत ऐकू दिलं, मग ते काढून पुसून डबीत ठेवले.

फोमच्या टिपची एक जोडी मी तिच्यासाठी मागवली आहे, लहान मापाची. गाडीतला तिचा अनुभव पंधरा दिवसांनी विचारीन. तिच्या धाकट्या भावालाही असाच हवाय, त्याच्या कानाचं माप अजून घ्यायचंय.